केळीचे पाणी

१४ मे १९८३, शनिवार. पहाटे चार वाजून चाळीस मिनिटांनी अर्धापूरच्या एका बागेत केळीचा पहिला घड माझ्या ट्रकच्या हौद्यात चढला. मी घड्याळ पाहिले, कारण तो माझ्या कामाचा भाग होता. घड झाडावरून उतरल्यापासून लातूरच्या गोदामात टेकेपर्यंत दहा तासांवर वेळ जाऊ द्यायचा नाही, अशी ग्राहक भांडाराच्या व्यवस्थापकांची ताकीद होती. म्हणजे दुपारी दोन चाळीसच्या आत पोचणे आले. मी त्या वेळेच्या आत पोचलो. गाडी चालवण्याच्या बाबतीत त्या दिवशी माझी कोणतीही चूक झाली नाही.

हे लिहिण्याचे कारण गेल्या आठवड्यात घडले. नांदेडला आमच्या घरामागे मोठे सुपरमार्केट झाले आहे. त्याच्या मागच्या दाराशी भर दुपारी एक पांढरा, चारी बाजूंनी बंद ट्रक उभा होता. छतावरचे यंत्र घरघरत होते. त्यातून पाण्याची बारीक धार डांबरावर पडत होती आणि एक कुत्रे ती चाटत होते. चालक पन्नाशीचा, काच वर करून गारव्यात बसलेला. मी काचेवर काठीने टकटक केले.

“माल काय आहे?”

“केळी, बाबा. अर्धापूरची.”

“पाणी किती वेळा मारता?”

त्याला प्रश्न उमगायला थोडा वेळ लागला. मग तो हसला. “पाणी काहून मारायचं, बाबा? मशीन तेरा डिग्रीवर लावून दिलंय. माल गारेगार, अन् मी बी.”

मी घरी आलो. दुपारी झोप आली नाही. उन्हाळा दर वर्षी येतो आणि मी त्याच्याकडे विशेष लक्ष देत नाही. या वेळी मात्र चाळीस वर्षांपूर्वीचा ओल्या गोणपाटाचा वास नाकात आला आणि गेला नाही.

लातूर आदल्या ऑगस्टमध्ये जिल्हा झाले होते. तो नव्या जिल्ह्याचा पहिला उन्हाळा आणि त्याच्या वाट्याला आलेला दुष्काळही पहिलाच. शाळांच्या भिंतींवर ‘जि. उस्मानाबाद’ या अक्षरांवर चुना फासून ‘जि. लातूर’ लिहिले होते. चुना पातळ होता, त्यामुळे खालचे नाव वाचता येई. शहरात भाड्याच्या इमारतींतून कचेऱ्या सुरू झाल्या. साहेब आले, साहेबांची कुटुंबे आली, आणि त्यांच्यासाठी ग्राहक भांडाराने सुपर बाजार उघडला. आत नळीचे दिवे, काचेची कपाटे, दारातच रचून ठेवलेल्या तारेच्या टोपल्या. गिऱ्हाइकाने टोपली घ्यायची आणि हवी ती वस्तू स्वतःच्या हाताने उचलून तीत टाकायची. खेड्यातली माणसे नुसते हे पाहायला येत. कोणीही कशालाही हात लावावा, हा तिथला नियम. मला तो आवडला होता. मी एकदा रिकामी टोपली घेऊन सबंध दुकान फिरलो, काचेच्या बरण्यांना, साबणांना, चहाच्या पुड्यांना हात लावला आणि काही न घेता बाहेर आलो.

त्या दुकानाची गाडी मी चालवत असे. साबण, तेलाचे डबे, साखर आणि आठवड्यातून दोनदा, मंगळवारी व शनिवारी, केळी. अर्धापूर ते नांदेड, तिथून लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर. रस्ता एकेरी, कडा तुटलेल्या. समोरून गाडी आली की एकाने खाली उतरायचे. बहुधा मीच उतरे, कारण केळीच्या गाडीला अचानक ब्रेक मारणे परवडत नाही. एक गचका बसला की मागचा घड पुढच्यावर जातो, सालीला चीर पडते, आणि दुसऱ्या दिवशी तिथे काळा डाग उमटतो. त्यामुळे खड्डा शंभर पावलांवरून हेरावा लागे. मी रस्ता पाठ केला होता. कुठे मोरी, कुठे उतार, कुठे रोजगार हमीवर बाया खडी फोडत बसलेल्या आहेत, हे डोळे मिटूनही सांगितले असते. त्या बाया गाडी आली की पदर तोंडावर घेत. धूळ खाली बसली की पुन्हा हातोडा उचलत. त्यांनी फोडलेली खडी पुढच्या वर्षी माझ्याच चाकांखाली यायची होती.

इंजिन केबिनच्या आतच असे. त्याच्या झाकणावर भाकरी ठेवली तर तासाभरात कडक होई. डावी पोटरी कायम भाजलेली, उजवा हात खिडकीमुळे कोपरापर्यंत काळा. डिझेल, घाम, ओले गोणपाट आणि केळीच्या पानांचा कच्चा, तुरट वास. मे महिन्यात लोह्याच्या पुढे रस्त्यावर पाणी दिसते, सरकत पुढे जाते, आणि चालकाला ते पाणी नाही हे पक्के ठाऊक असते. तरी डोळे त्याच्यावर खिळतात. इतक्या वर्षांत ही सवय मोडली नाही.

केळी कच्चीच भरतात. पिकवणे गोदामात होते. घड दांड्यावर उभे करून दाटीने लावायचे, मध्ये केळीची पाने, वर पाने, त्यांवर भिजवलेले गोणपाट आणि सगळ्यात वर ताडपत्री. उन्हाळ्यातल्या पहिल्या फेरीत एवढे करूनही निम्मा माल काळा पडला. व्यवस्थापक मला म्हणाले, “पुन्हा असे झाले तर गाडी दुसऱ्याकडे जाईल.” त्यानंतर केबिनमागे दोन ड्रम बांधले गेले. अर्धापूरच्या विहिरींना त्या साली पाणी होते. ड्रम तिथे भरायचे आणि वाटेत दोन ठिकाणी थांबून गोणपाटावर पाणी मारायचे. पहिला ड्रम अहमदपूरच्या अलीकडे, दुसरा चाकूरच्या पुढे. तेही सावलीतच, कारण तापलेल्या पानावर गार पाणी पडले की खालचे फळ उकडते.

लोहा आणि अहमदपूर यांच्या मधल्या टापूत ट्रक मावेल अशी सावली एकच होती. रस्त्याकाठचे जुने कडुलिंबाचे झाड. त्या झाडामागे एक गाव आहे. त्याचे नाव मी लिहीत नाही. ते माझे गाव.

पाणी मारण्याचे काम हबीबभाईकडे होते. तो नांदेडचा हमाल, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. केळी भरण्यात त्याच्याइतका तरबेज माणूस मी पाहिला नाही. तोंड मात्र बंद नसे. चालकाला उस्ताद म्हणण्याची रीत, तो तेच म्हणे.

“उस्ताद, ही गाडी न्हाई, बरात हाय,” तो हौद्यावर उभा राहून पत्र्याच्या डब्याने पाणी शिंपडत म्हणे. “नवरदेवाची आंघोळ चालू, अन् वऱ्हाड उपाशी.”

वऱ्हाड म्हणजे बाया. गावाची विहीर फेब्रुवारीतच आटली होती. झाडाखाली टँकर येई. येईल तेव्हा येई, म्हणून बाया घागरी घेऊन सकाळपासून बसलेल्या असत. आमची गाडी पहिल्यांदा थांबली तेव्हा त्यांना वाटले आम्हीच पाणी आणले. ड्रम दिसत होते.

“दादा, पाणी हाय का?”

“हाय. केळीचं हाय,” मी सांगितले.

मग गयाबाई नावाची एक उंच, फटकळ बाई म्हणाली, “बाई गं, केळीला तहान लागती, अन् आपल्याला लागली तर लाड व्हतेत.”

दुसरी म्हणाली, “पुढल्या जल्मी मी केळच व्हते.”

“व्हय की. मंग लातूरचा साहेब सोलून खाईल तुला.”

त्या खूप हसल्या. हसता हसता त्यांचे लक्ष हौद्याच्या खाली गेले. फळ्यांच्या फटींतून पाणी ठिबकत होते. गयाबाईने काही न बोलता घागर उचलली, तोंडाला पदराचे फडके बांधले आणि ती गाडीखाली सरकवली. मग सगळ्यांनीच. ते पाणी केळीच्या चिकाने तपकिरी झालेले असे. प्यायला नेऊ नका, असे मी सांगितले.

“सांगून राहिले ते,” गयाबाई म्हणाली. “मंग प्यायचं दुसरं दावा.”

त्यानंतर हे नेमाचे झाले. मंगळवार आणि शनिवार, साडेदहाच्या सुमारास, दहा मिनिटे. बाया मागच्या चाकांमध्ये वाकून घागरी मांडत, हबीबभाई वरून पाणी मारी, आणि केळीला घालून उरलेले पाणी थेंबाथेंबाने त्यांना मिळे. हबीबभाई काही डबे मुद्दाम फटींवर ओती. मला दिसत असे. मी बोलत नसे. पाटलांच्या गल्लीतली घागर आणि आमच्या वस्तीतली घागर तिथे कडेला कड लावून असे. दुष्काळात एवढे होते.

मी कोण, हे त्यांना ठाऊक नव्हते. मी अकरा वर्षांचा असताना, छप्पन्न साली, आम्ही बौद्ध झालो आणि दुसऱ्याच वर्षी आईने मला घेऊन गाव सोडले. सव्वीस वर्षांत चेहरा बदलतो. मीही सांगितले नाही. सांगितले असते तर त्यांना माझ्याकडे पाणी मागण्याचा हक्क पोचला असता.

आता जे लिहायचे ते थोडक्यात लिहितो.

गावात बारमाही पाणी एकाच विहिरीला असे, नानांच्या मळ्यातल्या. नाना मोठे शेतकरी. विहिरीपासून वीस पावलांवर एक बसका दगड होता. आमच्या माणसांनी त्या दगडापाशी रिकामी घागर ठेवून उभे राहायचे. कोणी पाणी शेंदायला आले आणि त्याच्या मनात आले, तर तो वरून आमच्या घागरीत पाणी ओती. भांड्याला भांडे लागू द्यायचे नाही. माझी आई, सोनाबाई, तिथे उभी राही. पायाला चटके बसत म्हणून ती एकदा डावा पाय उजव्यावर ठेवी, एकदा उजवा डाव्यावर. मी तिच्या सावलीत बसे.

मला तहान लागली की ओंजळ पुढे करायची. नाना तेव्हा तिशीत होते. वाईट माणूस असा त्यांचा लौकिक नव्हता. ते कळशीने माझ्या ओंजळीत धार धरत. मी पिऊ लागलो की कळशी हळूहळू वर नेत. छातीइतकी, खांद्याइतकी, डोक्याइतकी. धार नाकात शिरे. मला ठसका लागे. ते हसत, गडी हसत, आणि एकदा मी पाहिले, आईही हसली. हसणे भाग होते. मारले कोणी नाही, शिवीही दिली नाही. तो त्यांचा खेळ होता.

नानांची पत्नी होती. तिला सगळे जिजी म्हणत. ती विहिरीवर असली की आई निर्धास्त असे. जिजीही वरूनच पाणी घाली, अंतर राखूनच घाली, पण घागर काठोकाठ भरल्याशिवाय थांबत नसे आणि आम्हाला उभे करून ठेवत नसे. हे मला त्या शनिवारी आठवले नव्हते, असे लिहिणे सोयीचे आहे. मला ते आठवत होते.

त्या शनिवारी आम्ही दहा वाजून पस्तीस मिनिटांनी झाडाखाली आलो. नेहमीच्या सात-आठ बायांऐवजी तीस-चाळीस माणसे होती. टँकरचा अ‍ॅक्सल मोडल्याला चार दिवस झाले होते. कोणी थट्टा करत नव्हते. घागरी गाडीखाली गेल्या त्या ढकलाढकली करून. हबीबभाईने ताडपत्री उचलली आणि पाणी मारायला लागला. पहिला ड्रम जवळजवळ तळाला गेला होता, तेवढ्यात माणसे बाजूला झाली आणि त्या वाटेने नाना आले.

साठीचे झाले होते. मिशा पांढऱ्या, धोतर मळलेले, हातात घासून लख्ख केलेला पितळी तांब्या. त्यांची बारमाही विहीरही त्या साली आटली होती. मी त्यांना लांबूनच ओळखले. त्यांनी मला ओळखण्याचे काही कारण नव्हते. लहानपणीही त्यांनी माझी ओंजळ तेवढी पाहिली होती.

“नाना, जिजीचं कसं हाय?” गयाबाईने विचारले.

“उतार न्हाई,” ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. “डायवरसाहेब, तांब्याभर पाणी द्या. घरी म्हातारी पडून हाय. दोन दिस झाले, जुलाब थांबंना. गाडीखालचं पाणी तिला देववत न्हाई. एवढा तांब्या भरून द्या.”

साहेब. माझ्या गावाने मला अशी हाक पहिल्यांदाच मारली होती.

हबीबभाईने वरूनच तांब्या घ्यायला हात लांब केला. मी म्हणालो, “थांबा हबीबभाई. मी देतो.”

मी चाकावर पाय देऊन हौद्यावर चढलो. त्याच्या हातून डबा घेतला आणि ड्रममध्ये बुडवून भरला.

“तांब्या ठेवा खाली,” मी म्हणालो. “ओंजळ करा.”

“मला नको. म्हातारीला—”

“आधी तुमी प्या. उन्हाचे आलात.”

ऐकणाऱ्याला ते अगत्य वाटले. गयाबाई म्हणाली, “प्या नाना. डायवर बोलत न्हाई, पण माणूस बरा हाय.”

नानांनी तांब्या पायाशी ठेवला आणि ओंजळ केली. मी वाकून धार धरली. ते प्यायले. माणूस किती तहानलेला आहे हे गळ्याच्या घाटीवरून कळते. त्यांच्या पोटातही सकाळपासून काही गेले नसावे. मग मी डबा थोडा वर नेला.

छातीइतका. खांद्याइतका. मी हौद्यावर उभा, हौदा जमिनीपासून छातीभर उंच, आणि शेवटी हात डोक्याच्या वर. पाणी एवढ्या उंचीवरून पडताना सरळ राहत नाही. गरम वाऱ्याने त्याची धार फाकली. थोडे ओंजळीत, थोडे तोंडावर, बाकीचे मातीत. नानांना ठसका लागला. मागे दोघे-तिघे हसले. त्यांना ती गंमत वाटली. मी दुसरा डबा भरला. तिसरा भरला.

“सांडायलंय! अहो, सांडायलंय!” बाया ओरडल्या. एकीने घागर घेऊन धाव घेतली आणि ती नानांच्या पायाशी, धारेखाली धरू लागली. घागरीत काही पडले नाही.

चौथ्या डब्याला नानांनी मान वर केली. ओंजळ तशीच होती, त्यामुळे उन्हाला हात आडवा धरता येत नव्हता. डोळे बारीक करून ते माझ्याकडे पाहत राहिले. कपाळावरून पाणी ओघळत होते.

“कोणाचा रं तू?”

“सोनाबाईचा.”

ज्या म्हाताऱ्यांना ते नाव माहीत होते त्यांना समजले, इतरांना त्यांच्या चेहऱ्यांवरून समजले. गाडीखाली घागरींत थेंब पडत होते, तेवढा आवाज होता. मला वाटले होते नाना ओंजळ सोडतील, तांब्या उचलून निघून जातील, किंवा शिवी देतील. शिवीसाठी मी तयार होतो. कदाचित तिचीच वाट पाहत होतो.

त्यांनी ओंजळ सोडली नाही. हळू आवाजात म्हणाले, “तुझं झालं असंल तर आता तांब्यात घाल.”

मी घड्याळ पाहिले. दहा मिनिटांच्या थांब्याला पंधरा मिनिटे झाली होती. पहिला ड्रम संपला होता. दुसरा चाकूरसाठी राखीव, तो आधी उघडायचा नाही असा नियम होता.

“टाइम झाला,” मी म्हणालो. खाली उतरलो, केबिनमध्ये बसलो आणि गाडी सुरू केली. बायांनी घाईघाईने घागरी ओढून घेतल्या. आरशात नाना तांब्या उचलताना दिसले. ते त्याच्या आत पाहत होते.

नियम खरा होता. मी पुढे अनेक वर्षे तो पुढे करत आलो. पण पहिल्या ड्रममधले शेवटचे चार डबे मी कुठे ओतले, तेही खरे आहे. तो तांब्या त्यातल्या दोन डब्यांत भरला असता.

शिरूर ताजबंद मागे पडेपर्यंत हबीबभाई बोलला नाही. हे त्याच्याकडून कधी घडले नव्हते. मग त्याने विचारले, “उस्ताद, कोण होता तो म्हातारा?”

मी दोन वाक्यांत सांगितले. त्याने ऐकून घेतले.

“बरं. त्याचं समजलं,” तो म्हणाला. “म्हातारीचं काय?”

मी गिअर बदलला.

चाकूरच्या पुढे आम्ही एका आंब्याखाली थांबलो आणि दुसरा ड्रम उघडला. गोणपाट अजून बरेच ओले होते. अर्ध्या ड्रममध्ये काम झाले. तिथे कोणी माणूस नव्हते. सगळे पाणी केळीला मिळाले.

दोन वाजून वीस मिनिटांनी गोदाम. गोदामाच्या हमालांनी घड उतरवले. एकही काळा नव्हता. व्यवस्थापकांनी एका फळावर अंगठा दाबून पाहिला, देठ हुंगला. “असा माल आला पाहिजे,” ते म्हणाले. पुढे दुकानाच्या दालनात दोन बाया टोपल्या घेऊन उभ्या होत्या. शनिवारी केळी येतात हे त्यांना माहीत झाले होते. त्यांतल्या एकीने आधीच्या खेपेची, पिकलेली फणी उचलली, उलटसुलट केली, पसंत पडली नाही म्हणून परत ठेवली.

पुढचे इथेच सांगून टाकतो. रविवारी मी नांदेडला परतलो तेव्हा आई ज्वारी निवडत होती. मी तिला नानांची हकिगत सांगितली. तिला बरे वाटेल असा माझा समज होता. तिने सूप खाली ठेवले नाही.

“अन् जिजीला दिलंस?”

“न्हाई.”

ती निवडत राहिली. मग म्हणाली, “तिनं माझी घागर कधी अर्धी ठेवली न्हाई.”

मंगळवारी झाडाखाली गाडी उभी केली तेव्हा गयाबाई पुढे आली. तिने मला दादा म्हटले नाही. “जिजी गेली. रविवारी सकाळी,” एवढे सांगितले. “टँकर दुपारी आला.” मग ती मागे फिरली आणि इतर बायांमध्ये जाऊन बसली. त्या दिवशी गाडीखाली एकही घागर लागली नाही. दहा मिनिटे पाणी ठिबकले आणि मातीत गेले. बाया पाहत होत्या. पुढच्या शनिवारीही तसेच. त्यांची तहान कमी झाली नव्हती. पाऊस जूनच्या अखेरीस आला. तोपर्यंत त्यांनी त्या गाडीचे पाणी घेतले नाही.

तांब्याभर पाण्याने जिजी वाचली असती, असे कोणी म्हटले नाही. मीही म्हणत नाही. वाचली नसती असेही म्हणत नाही.

ही बातमी मी आईला दिली नाही. तिला ती गावाकडून कळली असावी. आठ-दहा दिवस ती माझ्या हातून पाणी घेत नव्हती. गुडघे दुखत होते तरी स्वतः उठे, माठापर्यंत जाई आणि ओतून घेई.

हबीबभाईने दुसऱ्या गाडीवर काम धरले. समोर आला की सलाम करी. उस्ताद म्हणणे त्याने सोडले.

पुढे आमच्या समाजातल्या एका शिकलेल्या गृहस्थांना मी हे सांगितले. ते म्हणाले, “योग्य केलेत. त्यांना कळायलाच हवे होते.” मला त्यांच्या बोलण्याचा आधार वाटला नाही. नानांना काय कळायचे ते चौथ्या डब्यालाच कळले होते, आणि त्यानंतर ते ओंजळ धरून उभे राहिले. त्या वेळी आमच्या दोघांत कोण खाली होता, हे मला सांगता येत नाही. नऊ वर्षांचा असताना मला वाटे की वरून धार धरणाऱ्याला खालच्याची तहान दिसत नाही. वर उभा राहिल्यावर मला ती अगदी स्पष्ट दिसली. दिसत होती म्हणूनच हात वर गेला. नानांनाही तेव्हा दिसत असणार.

तो रस्ता आता चौपदरी आहे. झाड रुंदीकरणात गेले. बंद गाड्या तिथून न थांबता जातात.

त्या शनिवारचे थोडे सांगायचे राहिले.

माल उतरून झाला तेव्हा पावणेचार झाले होते. गाडी गोदामाच्या आवारात उभी. हबीबभाई केबिनमागे जाऊन आला.

“दुसरा ड्रम अर्धा हाय, उस्ताद,” तो म्हणाला. “मुक्काम कशाला करता? आत्ता निघालो तर दिवस मावळायच्या आत झाडापाशी जाऊ. तांब्या काय घेऊन बसलात, घागर भरून देऊ. गावात मी जातो. तुम्ही गाडीतून उतरू बी नका.”

“हौदा धुवायचा आहे,” मी म्हणालो. “सोमवारी साखर भरायची.”

“मंग उद्या नांदेडात धुवा. धुवायला नळ हाय तिथं.” तो माझ्यासमोर आला. “उस्ताद, ती बाई हाय. तिनं काय केलं?”

मी हौद्याकडे गेलो. मागचा फाळका पाडला. पाने आणि पाचोळा खराट्याने खाली ओढला, गोणपाट झटकून कुंपणावर वाळत टाकले. हबीबभाई आवाराबाहेर गेला. केळीचा चीक ओला असतानाच काढावा लागतो, वाळला की लाकडात मुरतो. मी ड्रमची दोरी सोडली, तो हौद्यात आडवा केला, आणि सगळे पाणी वापरून फळ्या धुतल्या. कोपरे दोनदा घासले.